सिझेरियनच्या बाळाला ‘चांगले जिवाणू’ मिळत नाहीत का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडची पहिलटकरीण, बाळ नऊ दिवसांचं. पाणी गेलं, रात्रभर कळा घेतल्या, पहाटे बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून सिझेरियन झालं. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस पावडरचं दूध दिलं गेलं, आता बाळ बहुतेक वेळा अंगावरच पितं. सिझेरियनच्या बाळांना आईचे चांगले जिवाणू मिळत नाहीत, त्यामुळे पुढे दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा मागे लागतो, असं तिच्या वाचनात आलं. अमेरिकेतली नणंद म्हणते, योनीतला स्राव बाळाच्या तोंडाला लावून घ्यायला हवा होता. सासूबाईंचा आग्रह गुटीचा. नवऱ्याने प्रोबायोटिक थेंबांची बाटली आणून ठेवली आहे. ‘यातलं काय करू? आणि माझ्यामुळे बाळाचं नुकसान झालं का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. ठोके उतरत असताना त्या पहाटे सिझेरियन झालं नसतं तर आज आपण जिवाणूंबद्दल बोलत बसलो नसतो. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, बालरोगतज्ज्ञ म्हणून प्रसूतिगृहात उभं राहून बघितलेल्या गोष्टीवरून म्हणतो.

आता मुद्द्याकडे. तुम्ही वाचलेलं सगळं खोटं नाही. जन्म कुठल्या वाटेने झाला याची खूण बाळाच्या आतड्यात खरोखर दिसते. या विषयाची इतकी चर्चा सुरू झाली ती २०१० च्या एका अभ्यासामुळे. व्हेनेझुएलातल्या मोजक्या नवजात बाळांचे नमुने तपासले, तेव्हा नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांच्या अंगावर आणि तोंडात आईच्या योनीमार्गातल्या जिवाणूंशी मिळतेजुळते जिवाणू सापडले, सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवरचे. लोकांनी त्यातून सरळ हिशेब मांडला: योनीमार्गातून आलं तर चांगलं विरजण लागलं, पोटातून काढलं तर नाही. हा हिशेब ऐकायला इतका सोपा आहे की तो अजून चालतो.

पण पुढे मोठे अभ्यास झाले आणि चित्र बदललं. ब्रिटनमध्ये सुमारे सहाशे बाळांच्या विष्ठेचे नमुने पहिल्या महिन्यात घेऊन, काहींचे पुढे वर्षभराच्या आतले घेऊन, त्यांतल्या जिवाणूंची जनुकीय तपासणी केली गेली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फरक स्पष्ट दिसला: आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंपैकी बॅक्टेरॉइड्स सिझेरियनच्या बाळांमध्ये जवळजवळ नव्हते, बिफिडोबॅक्टेरियम कमी होते, आणि एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला यांसारखे, हॉस्पिटलच्या वातावरणात नेहमी आढळणारे जिवाणू जास्त होते. मात्र नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांच्या आतड्यातही योनीमार्गातले जिवाणू टिकून राहिलेले फारसे दिसले नाहीत. त्यांना आईकडून मिळालेले कामाचे जिवाणू आले होते आईच्या आतड्यातून. म्हणजे विष्ठेतून. कळा देताना शी झाली म्हणून बायका ओशाळतात, नर्सची माफी मागतात. निसर्गाच्या दृष्टीने तो सगळा प्रकार वाया जात नाही, एवढं त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

यावरूनच नणंदेच्या सल्ल्याचं उत्तर मिळतं. योनीतला स्राव गॉझवर घेऊन सिझेरियननंतर बाळाच्या तोंडाला, अंगाला पुसायचा, असा प्रयोग २०१६ मध्ये चार बाळांवर करून प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पण आतड्यात स्थिरावणारे जिवाणू मुळात तिथून येतच नसतील तर त्याचा उपयोग किती? नंतरच्या नियंत्रित चाचण्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. काहींत आतड्यातल्या जिवाणूंवर ठळक परिणाम दिसलाच नाही. धोका मात्र खरा आहे. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, नागीण वर्गातला हर्पिस विषाणू, गोनोरिया, क्लॅमिडिया, यांतलं काहीही आईला कसलाही त्रास नसताना योनीमार्गात असू शकतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०१७ मध्ये सांगितलं की संशोधनाच्या चौकटीबाहेर हे करू नये. तेव्हा नणंदबाईंना त्यांच्याच देशातला सल्ला कळवा. फिनलंडमध्ये २०२० च्या सुमारास एक पाऊल पुढे जाऊन, कसून तपासलेल्या आईच्या विष्ठेचा अगदी थोडा अंश दुधातून सात बाळांना पाजला, आणि त्यांचे जिवाणू नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांसारखे झाले. शास्त्र म्हणून हे महत्त्वाचं आहे. पण तिथेही अनेक आया तपासणीतच बाद झाल्या होत्या. घरी करायची गोष्ट ही नव्हे, आणि हे वाचून कोणी करून बघू नये म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुमचं पाणी आधी गेलं होतं आणि कळा रात्रभर चालल्या होत्या. पाणमोट फुटल्यावर बाळ आणि योनीमार्ग यांच्यामधला पडदा उरत नाही. म्हणून कळांनंतर झालेलं सिझेरियन आणि तारीख ठरवून, कळा सुरू व्हायच्या आधी केलेलं सिझेरियन यांना या बाबतीत एकाच मापाने मोजता येत नाही. (मुहूर्त काढून, ३९ आठवडे भरायच्या आधी बाळ बाहेर काढायचा हट्ट आपल्या पुण्यात अजून होतो. तिथे मला जिवाणूंपेक्षा बाळाच्या फुप्फुसांची काळजी जास्त वाटते.)

मग सिझेरियनच्या बाळाला नेमकं कमी काय पडतं? माझं मत सांगतो. ऑपरेशनचा छेद हा या गोष्टीतला एक भाग आहे. छेदाच्या मागोमाग जे येतं ते तितकंच महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे त्याकडेच कमी लक्ष दिलं जातं.

मागोमाग काय येतं ते बघा. आईला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं जातं. पूर्वी ते नाळ कापल्यावर द्यायचे, आता छेद घेण्याआधी देतात, कारण त्याने टाक्यांचा संसर्ग कमी होतो. अर्थात औषध थोडं बाळापर्यंतही पोचतं. याची धास्ती घेऊ नका. ब्रिटनमध्ये ही पद्धत बदलल्यावर पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यात दमा किंवा एक्झिमा (त्वचेचा खाजरा, ॲलर्जीसारखा त्रास) वाढल्याचं दिसलं नाही. टाक्यात पू झालेली, तापाने फणफणलेली आई बाळाला पाजणार कशी, हाही हिशेब धरावा लागतो.

पुढची गोष्ट म्हणजे ताटातूट. भूल उतरेपर्यंत आई रिकव्हरीत, बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आजीकडे, मग आत्याकडे, मग फोटोसाठी काकाकडे. पहिला तास असा जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं ४१.८ टक्केच निघाली, आणि सिझेरियनचं प्रमाण महाराष्ट्रात २५.४ टक्के होतं. देशातल्या खासगी दवाखान्यांत ते ४७.४ टक्के. खासगी दवाखान्यांत निम्म्याच्या जवळ बाळंतपणं जर ऑपरेशनच्या टेबलावर होणार असतील तर त्या टेबलावरच, कमरेखाली भूल असताना, आईच्या छातीवर बाळ ठेवायची सवय व्हायला हवी. त्याला वेगळं यंत्र लागत नाही. एक जास्तीची नर्स आणि भूलतज्ज्ञाचा होकार लागतो.

आणि मग दुसरी रात्र. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घोळ इथे होतो.

पहिल्या दिवशी बाळ झोपाळू असतं, सगळे खूश असतात. दुसऱ्या रात्री ते दर तासाला, कधी अर्ध्या तासाला उठतं, स्तनाला लागतं, सोडतं, पुन्हा रडतं. आईला टाके दुखताहेत, कूस बदलता येत नाही. सोबतीला असलेल्या मावशी म्हणतात, ‘अगं, हिला दूधच नाही.’ रात्री दोन वाजता नवरा खालच्या मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन येतो. बाटलीभर दूध पिऊन बाळ चार तास गाढ झोपतं आणि सगळ्यांची खात्री पटते की ते उपाशीच होतं. खरं तर पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी साधारण चहाच्या चमचाभरच दूध लागतं. तेवढा चीक आईकडे असतो. घट्ट, पिवळा, थेंब थेंब येणारा. बाळाचं ते सारखं लुचणं हाच पान्हा फुटण्याचा निरोप असतो, आणि सिझेरियननंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो म्हणून तो निरोप जास्तच लागतो. डबा आला की निरोप थांबतो.

जिवाणूंचा आणि याचा संबंध असा. जन्मतः आतड्यात थोडा ऑक्सिजन असतो. ई. कोलायसारखे, ऑक्सिजन असो वा नसो जगणारे जिवाणू आधी येतात, तो संपवतात, आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे बिफिडोबॅक्टेरियम वगैरे पाय रोवतात. हा क्रम जुन्या लोकांनाही माहीत होता: एश्चेरिश यांनी १८८५ मध्ये बाळांच्या विष्ठेतून ई. कोलाय शोधला, आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तिसिए यांनी १८९९ च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत बिफिडोबॅक्टेरियम पाहिला. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्येच तो इतका का माजतो, हे कोडं नंतर सुटलं. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल ज्या घन पदार्थांचा नंबर लागतो त्या साखरेच्या गुंतागुंतीच्या साखळ्या बाळाला पचतच नाहीत. शंभराहून अधिक प्रकारच्या या साखळ्या बिफिडोबॅक्टेरियमच्या काही जातींना मात्र पचतात. आईचं शरीर एवढा खर्च करून जे बनवतं ते बाळाचं पोट भरण्यासाठी नाही, मुख्यतः बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी. ते खाऊन हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात क्लेब्सिएलासारख्यांना तग धरणं अवघड जातं.

म्हणून जिवाणू बाळापर्यंत पोचणं आणि तिथे टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात सिझेरियनच्या बऱ्याच बाळांमध्येही पहिल्या आठवड्यात बॅक्टेरॉइड्स सापडले होते, दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते नाहीसे झाले. म्हणजे पाहुणे आले होते, राहिले नाहीत. आणि वाट एकच नसते. नेदरलँड्समध्ये १२० आया आणि त्यांची बाळं यांचे निरनिराळ्या ठिकाणचे जिवाणू ताडून पाहिले, तेव्हा बाळाच्या जिवाणूंपैकी साधारण ५८ टक्के आईकडूनच आलेले निघाले, मग बाळंतपण कसंही झालेलं असो. सिझेरियनच्या बाळांना आईच्या विष्ठेतून कमी मिळाले, तर आईच्या दुधातून जास्त. तुमच्या हातात आज जी गोष्ट आहे ती हीच.

आता दमा आणि लठ्ठपणा. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तर सिझेरियनच्या मुलांमध्ये बालदम्याची शक्यता साधारण २० टक्क्यांनी जास्त दिसते. हे २० टक्के शंभरातली वीस मुलं नव्हेत. समजा शंभरातल्या पाच मुलांना दमा होणार असेल, तर पाचाचे सहा होतील, असा त्याचा अर्थ. त्यातही सिझेरियन ज्या कारणांनी होतं तीच कारणं, आईचं वजन, मधुमेह, बाळ लवकर जन्मणं, पुढच्या त्रासाचीही कारणं असतात. स्वीडनमध्ये सुमारे ९७ हजार तरुणांची वजनं तपासली, आईचं वजन हिशेबात धरलं, आणि सिझेरियन व लठ्ठपणाचा संबंध जवळपास उरलाच नाही. दम्याच्या बाबतीत डेन्मार्कच्या अभ्यासात असं दिसलं की वर्षाचं होईपर्यंत ज्यांचे जिवाणू नॉर्मलच्या वळणावर आले त्या सिझेरियनच्या मुलांमध्ये धोका वाढलेला नव्हता. ज्यांचे आले नाहीत त्यांच्यात होता. ब्रिटनच्या अभ्यासातही सहा ते नऊ महिन्यांपर्यंत बॅक्टेरॉइड्स सोडता बाकीचा बहुतेक फरक पुसला गेला होता. दमा ही तुमची धास्ती असेल तर जिवाणूंपेक्षा आधी दुसरंच सांगतो: बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, शेपा टाकून बाळाला जी धुरी देतात, ती बंद करा. दम्याची भीती घालणारे आणि धुरी देणारे बहुधा एकाच घरातले असतात.

गुटी. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण सहा महिने नको. सहाणेवर पाणी कुठलं, उकळलेलं की माठातलं? रविवार पेठेतून आणलेली मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, खारीक, जायफळ डब्यात किती दिवस आहेत, बदामाला वास येतो का, आदल्या दिवशी उगाळून पुन्हा ओलसरच डब्यात ठेवलं का? या प्रत्येक पायरीवर जे जिवाणू चिकटतात ते तुम्हाला हवे असलेले नसतात. जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ सुस्त होतं, आणि घरच्यांना वाटतं गुटी मानवली. सोन्याचं वळं उगाळून द्या हवं तर, असं मी म्हणणार नाही, तेही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको: त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि छोट्या बाळाच्या आतड्यात ते रुजून स्नायू लुळे पाडणारं विष तयार होऊ शकतं. इथे गंमत बघा, हा धोका बाळालाच का? कारण बीजाणूंना अटकाव करणारी जिवाणूंची वस्ती अजून बसलेली नसते. सासूबाईंच्या हातचे अळिवाचे, डिंकाचे लाडू मात्र तुम्ही खुशाल खा.

प्रोबायोटिकची बाटली तशीच ठेवा. या औषधांविरुद्ध माझा राग नाही. याच विषयावरची एक फार चांगली चाचणी आपल्याच देशात, ओडिशाच्या खेड्यांत झाली: साडेचार हजारांवर नवजात बाळं, सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमची एक ठरावीक जात आणि सोबत तिचं खाद्य. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आला. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती दोनदा वाचली. पण ती जात वेगळी, ती परिस्थिती वेगळी, आणि ती सगळी बाळं अंगावर पिणारी, दोन किलो किंवा जास्त वजनाची होती. तुमच्या बाटलीवर जिवाणूच्या नावापुढे जातीचा क्रमांक आहे का, ते बघा. बहुधा नसेल. सुदृढ, पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला केवळ सिझेरियन झालं म्हणून थेंब द्यावेत एवढा पुरावा आज नाही. कमी दिवसांच्या बाळांत तर उलट धोका असू शकतो. एका बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला.

बाळाची शी तपासून जिवाणूंचा नकाशा काढून देणाऱ्या महागड्या तपासण्यांची जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर अनेक वर्षं काम चाललं आहे. संशोधनासाठी असे नकाशे लागतातच. एका बाळाचा नकाशा बघून मी तुमचा उपचार बदलीन असं मात्र त्यात काही नसतं.

आता करायचं काय. वरचं दूध अजून दिवसातून किती वेळा देता ते लिहून ठेवा आणि वजन बघत बघत कमी करा, एकदम तोडू नका. बाळाला दिवसातून सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू होते आहे, शी मोहरीसारखी पिवळी झाली आहे आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर आलं आहे, तर दूध पुरतं आहे. मावशी काहीही म्हणोत. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बसून बाळाचे पाय तुमच्या काखेखालून मागे जातील असं धरा, पोटावर भार येत नाही. एखादं पाजणं चुकलं तर हाताने काढलेलं तुमचंच दूध वाटी-चमच्याने द्या, बाटली नको. दिवसातून जमेल तेवढा वेळ बाळाला फक्त लंगोट ठेवून उघड्या छातीशी घ्या. तुम्ही थकलात तर बाबांनी घ्यावं, चालतं. पहिल्या वर्षात साध्या सर्दीला अँटिबायोटिक द्या म्हणून डॉक्टरच्या मागे लागू नका, आणि गरज असताना दिलं तर नाकारू नका. सहा महिने पूर्ण झाले की वरणभात, नाचणी, भाज्या, दही. जिवाणूंची वस्ती मोठ्या माणसासारखी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यात जेवणाचा वाटा मोठा आहे.

पावडरचे ते दोन दिवस मनातून काढून टाका. दूध खरंच उतरलं नसेल, बाळाची साखर कमी झाली असेल, तर वरचं दूध हे औषधच असतं. ससूनमध्ये मातृदुग्धपेढी आहे, पण तिथलं दूध आधी कमी वजनाच्या, दाखल असलेल्या बाळांसाठी लागतं.

पुढच्या बाळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी आत्ताच एक काम करून ठेवा. तुमचं सिझेरियन ठोके कमी झाल्यामुळे झालं, हाडाचा मार्ग अरुंद होता म्हणून नाही. हे कारण पुढच्या वेळी पुन्हा येईलच असं नसतं. सिझेरियननंतर नॉर्मलचा प्रयत्न केलेल्या साधारण ६० ते ८० टक्के बायकांना तो साधतो, मात्र दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर हवं आणि रात्री-अपरात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर हाताशी असेल असंच हॉस्पिटल हवं. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, यावर तो निर्णय बराचसा ठरतो, आणि पोटावरच्या टाक्यावरून ते कळत नाही. टाके दाखवायला जाल तेव्हा डिस्चार्ज कार्डवर तेवढं लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.